रिकाम्या खुर्चीत माझा बाप

"मोठ्याने. पोटातून आवाज काढ. नाव आणि आडनाव."

मी सांगितलं.

"हे घशातून आलं. पुन्हा."

पुन्हा सांगितलं. भोवती गोल करून अकरा जण उभे. नियम असा होता की एकाने आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर तेच तीनदा म्हणायचं. याने म्हणे आत्मविश्वास वाढतो. माझ्याआधी कुलकर्णी झाली, पाटील झाला, अजून एक पाटील झाला. टाळ्या कशा खणखणीत पडत होत्या! माझं आडनाव आलं आणि ठेका चुकला. दोघींनी नुसते ओठ हलवले. एकाने टाळी वाजवायची सोडून नाक खाजवलं.

सरांच्या ते लक्षात आलं. मानसशास्त्राचे प्राध्यापक, लक्षात येणारच. पण त्यांनी त्याचा अर्थ लावला तो ऐका.

"पाहिलंत? याला स्वतःच्या आडनावाची लाज वाटते, म्हणून तुम्हालाही संकोच झाला. ती लाज आपण सगळे मिळून घालवू या. नुसतं आडनाव. वीस वेळा. चला."

वीस वेळा. टाळ्यांवर. आरतीसारखं. खोली जिमखान्याच्या वरची, खिडक्या उघड्या. खाली कॅरम खेळणारी पोरं होती. आठव्या-नवव्या वेळी खालूनही कोरस सुरू झाला. पंधराव्याला त्यांनी कॅरमबोर्ड बडवायला घेतला. विसाव्याला खालचा आवाज वरच्यापेक्षा मोठा होता. मी मधे उभा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. सरांनी डोळे मिटले होते. समाधानाने.

आडनाव इथे सांगत नाही. तुम्ही एव्हाना मनातल्या मनात अंदाज बांधायला लागला असाल. बांधा. त्या खोलीतही सगळे तेच करत होते.

साल एकोणीसशे एकोणऐंशी. नाशिकचं कॉलेज, बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्या सरांनी कुठल्याशा शिबिरात एक नवी विद्या शिकून आणली होती. नाट्योपचार. ज्या मुलांना चारचौघांत बोलता येत नाही, डोळ्याला डोळा भिडवता येत नाही, त्यांना एकत्र आणायचं, छोटे छोटे प्रसंग करायला लावायचे आणि नाटकातून मोकळं करायचं. दर बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन वाजता. सरांनी बारा मुलं निवडली. त्यात मी.

आता यातली गंमत सांगतो. मी ओझरचा. बौद्धवाड्यातला. बाप विमानाच्या कारखान्यात हेल्पर, म्हणून वाड्यातली पोरं मला पायलट म्हणायची. आणि वाड्यात माझ्याइतकं तोंड कुणाचंच चालत नव्हतं. मी सरपंचाची नक्कल करायचो, तलाठ्याची करायचो, म्हशीची धार काढताना शिव्या घालणाऱ्या शेजारच्या म्हातारीची करायचो, आणि ती म्हातारी स्वतः हसत हसत मला चपलेने मारायला धावायची. लग्नात, बारशाला, जयंतीच्या मिरवणुकीत मी नसलो की लोक विचारायचे, आज एवढी शांतता का? अशा माणसाला कॉलेजने बुजरा म्हणून उपचाराला बसवलं.

आईला सांगितलं तर ती चुलीपुढे बसल्या बसल्या हसायलाच लागली. "तुला बोलायला शिकवत्यात? आन् गप बसायला कोन शिकवनार रं तुला?"

पण कॉलेजात मी गप्प होतो, हे खरं. अडीच वर्षं. हजेरीला 'येस सर' आणि बस कंडक्टरला 'ओझर एक', एवढंच दिवसभराचं बोलणं. त्याचं कारण मला पाठ होतं. पहिल्या वर्षी, दुसऱ्याच आठवड्यात, याच सरांनी वर्गात एक प्रश्न विचारला. स्मृती आणि विस्मृती यांवरचा. कुणालाच येत नव्हतं. मी हात वर केला, उभा राहिलो आणि नीट, माझ्या शब्दांत उत्तर दिलं. उदाहरणासकट. सरांनी मान डोलावली. हजेरीपटात माझं नाव शोधलं, वाचलं आणि हसून म्हणाले, "अरे वा! तुमच्यातलेही आता पाठ करून यायला लागले."

अख्खा वर्ग हसला. सर रागावले नव्हते. ते मला शाबासकी देत होते! तीच तर पंचाईत. शिवी असती तर शिवी देता आली असती. शाबासकीला काय देणार? मी खाली बसलो तो अडीच वर्षांनीच उठलो. तेही त्यांनी उठवलं म्हणून.

सरांना ते वाक्य आठवत नव्हतं. स्मृती-विस्मृतीचा धडा त्यांनीच शिकवला होता, पण नव्हतं आठवत.

शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्यांनी तोंडी परीक्षा घेतली. मी समोर बसलो, उत्तरं सगळी येत होती आणि तोंड उघडेना. शून्य. सरांनी चष्मा काढला, मायेने बघितलं आणि म्हणाले, "तुझी अडचण मला कळते. गटात ये. तू गटातून नीट बाहेर पडलास की तोंडी पुन्हा घेईन आणि तुझ्या जर्नलवर सही करीन."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रात्यक्षिकांची वही म्हणजे जर्नल. तिच्यावर प्राध्यापकाची सही नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. सही नाही तर वर्ष गेलं. आमच्या वाड्यातून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या एका सहीसाठी मी जिमखान्याचा जिना चढलो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मजा यायची. नाटक म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरायचं. आणि ती विद्या खोटी नव्हती. आमच्यात कुसुम होती, मखमलाबादकडची, घरचा फुलांचा मळा. ही मुलगी चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की थरथर कापायची. सरांनी तिला बाजारातला प्रसंग दिला. समोर व्यापारी, तिच्या पाटीत झेंडू, आणि भाव तिने सांगायचा. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी पुटपुटली. दोन महिन्यांनी एका दुपारी, प्रसंग नसताना, ती सरळ म्हणाली, "सर, पंखा लावा ना, उकडतंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून. कुसुमला खरोखर आवाज मिळाला. ती विद्या सगळीच थापेबाजी असती तर मी हसून बाहेर पडलो असतो.

माझं काय झालं? मला भूमिका मिळायच्या. मुलाखतीचा प्रसंग असला की मी दारावरचा शिपाई. स्टेशनचा प्रसंग असला की हमाल. लग्नाची बोलणी असली की वाढपी. नंतर तर वाढपीही नाही, उष्टी उचलणारा. चौथ्या वेळी मी विचारलं, "सर, मी साहेब होऊ का?" सर म्हणाले, "जी भूमिका तुला सहज बसते तिथून सुरुवात करायची असते. साहेब पुढे." ते पुढे काही आलं नाही.

मग मी खोड्या काढायला लागलो. एकदा साहेब झालेला पाटील खुर्चीत रुबाबात बसला होता आणि कुसुम उमेदवार म्हणून बाहेर थांबली होती. मी शिपाई. मी तिला म्हणालो, "बाई, जरा थांबा. साहेब आतमधी हायेत, पन त्यांना तुमची लय भीती वाटतीय. मी त्यांना पानी पाजून येतो." खोली हसून कोसळली. पाटीलही हसला. सरांनी वहीत काहीतरी टिपलं.

ती वही मी एकदा वाचली. सर खाली फोन घ्यायला गेले होते आणि वही टेबलावर उघडी होती. माझ्या नावाखाली सुंदर, सुबक अक्षरात लिहिलं होतं. गप्प बसला, तिथे 'प्रतिकार'. विनोद केला, तिथे 'बचाव'. एका शनिवारी एसटी चुकली म्हणून आला नाही, तिथे 'पलायन'. बोलला, तिथे 'प्रगती'. खाली वडिलांविषयी: 'दबलेला पिता. मुलाच्या मौनाचे मूळ येथे असावे.'

मी वही होती तशी ठेवली. बाहेर पडायला वाटच नव्हती. हसलो तरी रोगी, रुसलो तरी रोगी. आणि बरा झालो तर सरांमुळे.

फेब्रुवारीत सरांनी जाहीर केलं की गटाचं प्रात्यक्षिक होणार. कॉलेजच्या सभागृहात, बाहेरचे प्राचार्य, प्राध्यापक येणार. मुख्य प्रयोग 'रिकामी खुर्ची'. व्यासपीठावर दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर आपण बसायचं, दुसरी रिकामी. ज्या माणसाने आपल्याला गप्प केलं तो त्या रिकाम्या खुर्चीत बसलाय असं मानायचं आणि जे आजवर बोललो नाही ते सगळं त्याला बोलायचं. बोलून झालं की मोकळं.

"तुझ्यासमोर तुझे वडील," सर म्हणाले.

"वडील का सर?"

"विचार कर. ते साहेबांपुढे खाली मान घालून उभे राहतात. तू लहानपणापासून तेच पाहिलंस. तुझी मान त्यांनी खाली घातली."

मी म्हणू शकलो असतो की माझ्या बापाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. कारखान्यातून आला की पायातले बूट काढायच्या आधी तो मला विचारायचा, आज काय शिकवलं सांग. आणि मी जे काही सांगीन ते न समजताही पूर्ण ऐकायचा. म्हणू शकलो असतो. पण म्हटलं असतं तर वहीत 'प्रतिकार' पडला असता आणि जर्नल तसंच राहिलं असतं.

म्हणून मी तालमीत बापाला शिव्या घातल्या.

हे सांगताना आजही जीभ जड होते. नकला करणारा माणूस मी, काय करायचं ते मला बरोबर कळत होतं. त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मी ओरडलो, "तुम्ही वाकलात म्हणून मी वाकलो! तुम्हाला लाज कशी वाटली नाही!" आवाज कुठे फोडायचा, कुठे थांबायचं, सगळं जमलं. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता खरं आलं."

खरं! त्या दिवशी ओझरच्या गाडीत बसायला जागा होती तरी मी उभा राहिलो.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृह भरलेलं. मी पडद्याच्या फटीतून बघतो तर शेवटच्या रांगेत माझा बाप. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी मांडीवर. आईने सांगितलं असणार पोराचं नाटक आहे म्हणून. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. शेजारच्या माणसाला तो काहीतरी सांगत होता आणि स्टेजकडे बोट दाखवत होता. आमचं पोरगं, असंच सांगत असणार.

माझी पाळी आली. सरांनी प्रस्तावना केली. "हा विद्यार्थी तीन महिन्यांपूर्वी एक शब्द बोलत नव्हता." मी खुर्चीत बसलो. समोर रिकामी खुर्ची. सर विंगेत.

पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. वाक्य, विराम, हुंदका. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. बाप पुढे सरकून बसला होता, एक शब्द चुकू नये म्हणून.

मी उठलो.

"या खुर्चीत माझे वडील बसायचे होते," मी म्हणालो. "पण ते तिथे मागे बसलेत. त्यांनी मला कधी गप्प केलं नाही. त्यामुळे ही खुर्ची मी दुसऱ्याला देतो. सर, इथे तुम्ही बसलात."

मी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"पहिल्या वर्षी मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बरोबर दिलं. तुम्ही माझं आडनाव वाचलंत आणि म्हणालात, 'तुमच्यातलेही आता पाठ करून यायला लागले.' मी पाठ केलं नव्हतं. मला ते समजलं होतं. वर्ग हसला, त्यात तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून मी गप्प बसलो. मला काही झालेलं नव्हतं. मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. मग तुम्ही माझं आडनाव वीस वेळा वाजवलंत. मला शिपाई केलंत, हमाल केलंत, उष्टी उचलायला लावलीत. आणि शेवटी माझ्या बापाला शिव्या द्यायला लावल्यात. त्या मी दिल्या. कारण माझं जर्नल तुमच्याकडे आहे."

आता काय होणार? हाकलतील, पोलिसात देतील, काहीही होऊ दे. आपण बोललो!

आणि टाळ्या पडल्या.

पहिली टाळी विंगेतून. सर पुढे आले, डोळे भरलेले, माझा हात धरून उंच केला. "पाहिलंत! आपल्या मनातला राग रुग्ण उपचारकावर काढतो, त्याला गुरूच शत्रू दिसू लागतो. हा शेवटचा टप्पा असतो. हा मुलगा आज मोकळा झाला!" पाहुणे प्राचार्य उभे राहिले. अख्खं सभागृह उभं राहिलं. बापही उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझा हात सरांच्या मुठीत, वर. मी तो ओढून बघितला. पकड घट्ट होती. लोकांना वाटलं मी हात हलवतोय.

जन्मात पहिल्यांदा खरं बोललो आणि त्याचा प्रयोग हाऊसफुल्ल झाला.

सीबीएसच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होतो तेव्हा बाप म्हणाला, "लय भारी काम केलंस. मागचा मानूस रडत व्हता." मग जरा थांबून, "ते सरचं बोलनं नाटकातलं व्हतं ना?"

"नाही. खरंच म्हणाले होते."

"आन् ते उष्टी उचलायचं?"

"तेही."

त्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "आन् मला शिव्या घातल्यास ते?"

"तेही खरं, दादा."

गाडी आली. ओझरला उतरताना तो म्हणाला, "रोज इचारत व्हतो रं मी. काय शिकवलं म्हून. हे कधी सांगितलं नाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर दोन गोष्टी. डाव्या हाताला माझं जर्नल, उघडं, सहीच्या पानावर. उजव्या हाताला टाइप केलेला कागद, कार्बनच्या दोन प्रतींसह.

"पुण्याला परिषदेत मी निबंध वाचतोय. त्याला हे निवेदन जोडायचंय. नाव छापणार नाही. 'मागास समाजातील एक विद्यार्थी' एवढंच. वाच आणि खाली सही कर."

वाचलं. 'मी तीव्र न्यूनगंडाने ग्रस्त होतो. कौटुंबिक वातावरणामुळे मला बोलण्याची भीती वाटत असे. नाट्योपचारामुळे मी बोलू लागलो.'

"सर, हे खरं नाही."

"काल सगळ्यांसमोर बोललास की नाही?"

"बोललो."

"तीन महिन्यांपूर्वी बोलत होतास?"

"नाही."

"मग?" ते हसले. खरंच प्रेमाने हसले. "तोंडी परीक्षा कालचीच धरतो. पूर्ण मार्क." आणि पेन पुढे केलं. "तू कर, मग मी करतो."

मी पेन घेतलं. कौटुंबिक वातावरण! चुलीपुढे हसणारी आई, बूट न काढता धडा ऐकणारा बाप. त्या तीन ओळींवर मी आडवी रेघ मारली. खाली माझ्या हाताने लिहिलं: 'सरांनी वर्गात माझ्या जातीवरून मला हिणवले, म्हणून मी गप्प बसलो. मला कोणताही आजार नव्हता व नाही.' त्याखाली पूर्ण नाव. आडनाव ठसठशीत. कार्बन होताच, तिन्ही प्रतींवर उमटलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. जर्नल मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. सहीचं पान कोरं.

"तू स्वतःचं नुकसान करून घेतोयस. हा त्याच आजाराचा भाग आहे."

"असेल सर. वहीत लिहून ठेवा."

मी त्या तीन प्रतींतली एक उचलली, जर्नलमध्ये घातली आणि बाहेर पडलो. वर्ष गेलं होतं. घरी जाऊन बापाला हे सांगायचं होतं, आणि या वेळी सगळं सांगायचं होतं. पुढच्या जूनमध्ये याच वर्गात, याच सरांपुढे पुन्हा बसायचं होतं. बसणार होतो, पहिल्या बाकावर. प्रश्न आला की हात वर करणार होतो. आणि मला बरं केलं असं कुणी म्हणालं, तर ज्याने म्हटलं त्याच्या तोंडावर, तिथल्या तिथे, नाही म्हणणार होतो. कितीही वर्षं जावोत.